गळ्यातला ससा

मिस्त्री आयुष्यात कधी भाषण करेल असं त्याच्या बायकोलासुद्धा वाटलं नव्हतं. घरात तो बोलायचा, म्हणजे ओरडायचाच, पण तो भाग वेगळा. सगळा जन्म लाकडाच्या वखारीत करवतीच्या आवाजात गेलेला, त्यामुळे 'मीठ दे' एवढं म्हटलं तरी शेजारचे दचकायचे. पण धाकट्या भावाची दोन बोटं करवतीत गेली आणि मिस्त्रीच्या जिभेला जी धार चढली ती काही उतरेना. आज या वखारीत, उद्या त्या वखारीत, सुट्टीच्या दिवशी कुठल्यातरी हॉलमध्ये. लाकूड कामगारांची एक समिती निघाली, तिचा अध्यक्ष कोण? तर हाच. करवतीवर लोखंडी झाकण बसवा, पलीकडच्या बाजूला बंद करायचं लाल बटण बसवा, ही त्यांची मागणी. आणि यात चूक काहीच नव्हतं बरं का. झाकण पाहिजेच होतं. वखारीचा मालक पक्का कवडीचुंबक होता, हेही सगळ्या जगाला माहीत होतं.

भाषण दरवेळी एकाच ठिकाणी येऊन पोहोचायचं. मिस्त्री धाकट्याला उभं करायचा, त्याचा उजवा हात मनगटाला धरून उंच उचलायचा आणि गरजायचा, "बघा! नीट बघा हा हात! एक झाकण बसवायला यांच्या बापाचं काय जात होतं?" लोक चुकचुकायचे, मग टाळ्या पडायच्या. धाकटा तेवढा वेळ वरच्या पंख्याकडं बघत राहायचा.

त्या सुट्टीच्या दिवशीही असंच झालं. सभा संपली, खुर्च्या उचलल्या जाऊ लागल्या, लोक मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारून निघाले. मिस्त्री खुशीत होता. बाहेर पायरीवर धाकटा चपला घालता घालता म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी मी येणार नाही."

"का रे? काम आहे काही?"

"काम नाही."

"मग?"

"हात माझा आहे ना? तो कधी वर करायचा ते मी ठरवेन."

झालं! मिस्त्रीचं टाळकंच फिरलं. "अरे, हे सगळं कोणासाठी चाललंय? माझी दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत! मला काय हौस आली म्हणून घसा फोडतोय? तुझ्यासाठीच ना?"

"माझ्यासाठी असेल तर बंद कर," धाकटा म्हणाला आणि मागं वळून न बघता निघून गेला.

मिस्त्री घरी आला तो भांड्यांवर राग काढतच. पाण्याचा तांब्या असा आपटला की झाकण उडून पलंगाखाली गेलं. "भलं करायला जावं तर हे असं! करायला गेलो काय, झालं काय!" बायको दोरीवरचे वाळलेले कपडे घडी करत होती. तिनं एक शर्ट झटकला, कॉलर सरळ केली आणि विचारलं, "तुम्ही धाकट्या भावजींना कधी विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"त्या दिवशी काय झालं ते."

"मी तिथं होतो! माझ्या डोळ्यांदेखत झालं. मला कोणाला काय विचारायचंय!"

बायकोनं पुढचा शर्ट घेतला. ती काही बोलली नाही, आणि मिस्त्रीला तिचं न बोलणं कधीच सहन व्हायचं नाही, म्हणून तो पुन्हा ओरडला. तिनं त्या शर्टाचीही घडी घातली.

आता वखारीत काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. करवत म्हणजे दातेरी पोलादी पट्टा, दोन मोठ्या चाकांवरून गरगर फिरणारा. अलीकडून मिस्त्री ओंडका पुढं सरकवणार, पलीकडचा माणूस कापून आलेली फळी ओढून घेणार. पट्टा चालू-बंद करायची कळ मिस्त्रीच्या पायाशी, पलीकडच्याकडं काहीच नाही. आवाज एवढा की कानाशी ओरडलं तरी व्यर्थ. त्यामुळे सगळं बोलणं हातांनी. मूठ पुढं म्हणजे चालू दे. तळवा वर म्हणजे थांब. आणि आणखी एक खूण होती, ती फक्त याच वखारीतली: दोन बोटं सशाच्या कानांसारखी उभी करून आपल्या गळ्याला लावायची. म्हणजे, सांभाळ हं, ससा गळ्यात येईल!

हा ससा मिस्त्रीनंच घडवलेला. एकदा काम थोडं थंड होतं तेव्हा पांढऱ्या लाकडाच्या तुकड्यातून कोरला होता. लांब कान, बटबटीत डोळे, पुढचे दोन दात बाहेर. बघणाऱ्याला हसू फुटलंच पाहिजे असा. त्याला सुतळी ओवली आणि खिळ्याला टांगला. नियम एवढाच की ज्यानं विनाकारण करवत थांबवायला लावली, त्यानं ससा गळ्यात घालायचा आणि दुसरा कोणी तीच चूक करेपर्यंत घालूनच काम करायचं. करवत मध्येच थांबली की फळीवर आडवा व्रण उठतो, आणि मिस्त्रीच्या फळीवर व्रण नसतो, ही त्याची वीस गावांत ख्याती. तो छाती काढून सांगायचा, "दुसऱ्या वखारीत मिस्त्री आईबहिणीवरून शिव्या देतात. मी कधी कोणाला 'अरे' म्हणून तरी बोललोय का? मी नुसता ससा देतो." माणसंही हसायची. ससेराव आले, ससेरावांना गाजर आणा रे! जो गळ्यात घालून फिरायचा तोही हसायचा. न हसून सांगतो कोणाला?

धाकटा पलीकडं उभा राहायचा. त्याची बोटं गेल्यावर ती जागा रिकामी झाली, आणि तिथं आला मिस्त्रीचा जावई. आधी तो वखारीच्या मागच्या बाजूला माल चढवायचा. लेक कुरकुरली होती, पण मिस्त्री म्हणाला, "अगं, माझ्या नजरेसमोर राहतील. यापेक्षा सुरक्षित जागा कुठली?" जावई तसा मुखदुर्बळ. सासऱ्याशी बोलताना अजूनही उभा राहायचा. एकाच घरात, ते वरच्या खोलीत आणि हे खाली. तरी जिना उतरताना आधी खोकायचा.

त्या आठवड्यात जावयानं पहिल्यांदाच तळवा वर केला. मिस्त्रीनं कळ दाबली. पट्टा घरघरत थांबला. काय होतं? काही नाही. ओंडक्याची साल सुटून लोंबत होती, ती फडफडली एवढंच. ओंडके वाहून आणणारा दांडगा माणूस होता, त्याला सगळे पैलवान म्हणायचे; ससा तेव्हा त्याच्याच गळ्यात होता, तो नाचतच पुढं आला. "जावईबापूंना मानाचा आहेर!" म्हणून त्यानं ससा काढून जावयाच्या गळ्यात घातला. वखार दणाणली. जावई हसला, पण त्याचे कान लालबुंद झाले. मिस्त्री पोट धरून हसला. सासऱ्याला जावयाची अशी गंमत करायला मिळते तरी कधी? त्यानंतर ससा जावयाच्या गळ्यातच राहिला, कारण दुसऱ्या कोणी करवत थांबवलीच नाही.

लेकीला ते सुतळीच्या वळावरून कळलं. मानेला लाल रेघ उठली होती. ती जिना उतरून खाली आली तेव्हा मिस्त्री जेवायला बसला होता.

"बाबा, ह्यांच्या गळ्यात काय घालता तुम्ही?"

"अगं, ससा! गंमत असते ती. तुला माहीतच आहे."

"मला नव्हतं माहीत. काकांच्या गळ्यात पण होता का?"

"असेल की. सगळ्यांच्याच गळ्यात येतो कधी ना कधी."

"कधी होता?" हे बायकोनं विचारलं, ताटात आमटी वाढता वाढता.

"बोटं गेली त्याच्या आदल्या दिवशी तर निघाला होता. पैलवानाच्या गळ्यात गेला आणि हा सुटला. केवढा खूश झाला होता..." मिस्त्री बोलता बोलता थांबला. या दोन गोष्टी त्यानं आजवर शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. घास हातातच राहिला.

मग लेकच बोलली. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द तोडून बोलली. "काल हे मला म्हणाले, आता हात वर करायचा नाही, काही झालं तरी. बाबा, ह्यांना काही झालं ना, तर मी या घरात राहणार नाही. आणि तुम्ही जिथं भाषण करत असाल तिथं येऊन सगळ्यांसमोर सांगेन." एवढं बोलून ती वर गेली. वर दार लागल्याचा आवाज आला. मिस्त्री अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धाकट्याकडं गेला. धाकट्याला आता एका शाळेच्या दारात काम होतं. शाळा भरताना आणि सुटताना रस्त्यात उभं राहायचं, गाड्या थांबवायच्या, मुलांना पलीकडं सोडायचं. मिस्त्री पोहोचला तेव्हा शाळा सुटत होती. धाकटा रस्त्याच्या मधोमध गेला आणि त्यानं हात वर केला. तोच हात, दोन बोटं कमी असलेला. ट्रक थांबला, बस थांबली, घाईत असलेला एक मोटारसायकलवाला कुरकुरत थांबला. पोरं दप्तरं हलवत निघाली. हाच हात मिस्त्रीनं इतक्या सभांत उचलला होता, पण असा स्वतःहून वर गेलेला त्यानं पहिल्यांदाच बघितला. त्याला कसंतरीच झालं.

गर्दी ओसरल्यावर दोघं शाळेच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मिस्त्रीला विचारायचं कसं तेच कळेना. या माणसाला विचारायची सवय कुठं होती? तो म्हणाला, "तुझी वहिनी म्हणते तुला विचार. त्या दिवसाचं."

धाकट्यानं त्याच्याकडं बघितलं. "खरंच विचारतोयस? की पुढच्या भाषणासाठी?"

"खरंच."

"मला दिसलं होतं दादा. कापलेली फळी वळत होती, लाकडाची एक चिरफळी पट्ट्याशी अडकली होती. मी हात वर करायला घेतला."

"नाही केलास. केला असतास तर मी थांबवली नसती का?"

"अर्धा केला. इथपर्यंत." धाकट्यानं तळवा छातीपर्यंत आणला. "आणि तू माझ्याकडं बघितलंस."

"मग?"

"मग तू हसलास, आणि ही खूण केलीस." त्यानं हात गळ्याकडं नेला, पण त्या खुणेला लागतात तीच दोन बोटं त्याच्या हाताला उरली नव्हती. "बघ, आता मला ती करताही येत नाही," तो म्हणाला आणि हसला. "आदल्याच दिवशी सुटलो होतो रे त्या सशातून. म्हटलं, परत नको. हात खाली घेतला आणि चिरफळी हातानंच बाजूला करायला गेलो."

मिस्त्रीला आठवलं. असं नाही की त्याला आठवतच नव्हतं. अर्धा वर आलेला तो तळवा, आपण डोळा मिचकावलेला, गळ्याला लावलेली बोटं, सगळं कुठंतरी आत पडून होतं. त्यावर त्यानं मालक रचला, झाकण रचलं, समिती रचली. भुशाच्या ढिगाखाली हातोडी हरवावी तसं ते खाली गेलं होतं.

"मला आधी का नाही सांगितलंस?" त्याचा आवाज पहिल्यांदाच एवढा खाली आला असेल.

"तू सांगू दिलंस कधी? दवाखान्यातच तू सुरू झालास. मालकाला सोडणार नाही, झाकण बसवूनच दाखवतो. मला वाटलं, दादाला माहीत आहे आणि म्हणूनच तो एवढा ओरडतोय. मग वाटलं, माहीतच नाही. यातलं जास्त वाईट काय, ते अजून ठरत नाही माझं."

मिस्त्री तिथून निघाला तो तडक वखारीत. जावयाच्या गळ्यातून त्यानं ससा काढला, सगळ्यांसमोर भुशाच्या शेगडीत घातला आणि लोखंडी सळीनं आत ढकलला. एवढं सुंदर कोरलेलं लाकूड. कानाला आधी ज्वाला लागली तेव्हा त्याच्या जिवाला चटका बसला, खोटं कशाला बोला. मग तो उंच आवाजात म्हणाला, "आजपासून ससाबिसा बंद! कोणालाही वाटलं की हात वर करायचा. मी एक शब्द बोलणार नाही. समजलं का? समजलं का नाही?" शेवटचं वाक्य तो एवढ्या जोरात ओरडला की पैलवानसुद्धा एक पाऊल मागं सरला. सगळ्यांनी माना हलवल्या.

आणि त्यानंतर कोणी हात वर केला असेल तर शपथ.

मिस्त्री पलीकडं बघायचा. जावयाचे डोळे फळीवर, हात फळीवर. एकदा पट्ट्यातून नेहमीपेक्षा वेगळा सूर आला, मिस्त्रीच्या कानाला कळला, जावयाच्याही भुवया हलल्या. पण हात काही उठला नाही. मिस्त्रीनं स्वतःच कळ दाबली. पट्टा थोडा सैल झाला होता, एवढंच. "तुम्हाला ऐकू आलं होतं?" त्यानं विचारलं. जावई म्हणाला, "नाही बाबा." धडधडीत खोटं. मिस्त्रीला घाम फुटला. म्हणजे हा माणूस माझ्या लेकीचा, माझ्या समोर उभा, आणि बोटं गेली तरी चालतील पण माझ्याकडं बघून हात वर करणार नाही!

एकदा मात्र पैलवानानं बाजूनं हात वर केला. मिस्त्रीनं थांबवली. बघितलं तर पैलवानाला नुसती शिंक आली होती, नाकाकडं हात नेत होता. मिस्त्री एक शब्द बोलला नाही. हातमोजे काढले, ओंडक्यावर फेकले, परत घातले. संध्याकाळी घरी आल्यावर मोठ्या तोऱ्यात बायकोला सांगितलं, "बघ, एक शब्द नाही काढला तोंडातून!"

"तोंडातून नसेल काढला," बायको म्हणाली. "पण तुमच्या नाकपुड्या बोलतात. लग्न झाल्यापासून मी त्याच ऐकत आलेय. तुम्ही घरात पाऊल टाकलंत की आम्ही आधी तिकडं बघतो, आजचा दिवस कसा जाणार ते कळायला."

मिस्त्री चिडून आरशासमोर गेला. नाकपुड्या फुगलेल्या होत्या. त्या खाली बसवायचा त्यानं प्रयत्न केला. हातानं चेपून बघितल्या, श्वास धरून बघितला. दारात लेक उभी होती. तिला हसू आलं, आणि मग नाही आलं. मालकाशी भांडणं सोपं होतं. मालक समोर असायचा, खुर्चीत बसलेला. या नाकपुड्यांशी कुठं उभं राहून भांडायचं?

ससा जाळल्याचं सांगायला तो धाकट्याकडं गेला होताच. मनात होतं की धाकटा निदान 'बरं केलंस दादा' म्हणेल. धाकट्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जाळून काय होणार? त्या दिवशी ससा माझ्या गळ्यात नव्हताच. तुझ्या हातात होता."

"आता झाकण येतंय, लाल बटणही बसतंय," मिस्त्री घाईघाईनं म्हणाला. "पलीकडचा माणूस स्वतःच बंद करेल. माझ्या तोंडाकडं बघायचं कामच नाही."

"बटण दाबायला बोट लागतं. आणि तुझ्यासमोर दाबायचं तर बोटाला धीर लागतो." धाकट्यानं रस्त्याकडं बघितलं. घंटा झाली होती. तो निघून गेला.

आणि झाकण आलंच. मालक नमला, समितीच्या रेट्यापुढं म्हणा की बदनामीच्या भीतीनं म्हणा. हिरवा रंग दिलेलं लोखंडी झाकण पट्ट्यावर बसलं, पलीकडच्या खांबावर टपोरं लाल बटण बसलं. मालकाला वाटलं, खर्च केलाच आहे तर चारचौघांत मिरवून घ्यावं. त्यानं आजूबाजूच्या वखारींतले मिस्त्री बोलावले, समितीची माणसं बोलावली. पुढची रांग भरली. मालक दोन शब्द बोलला, ते बरेच लांबले. मग म्हणाला, आता आमचे मिस्त्री या झाकण बसवलेल्या करवतीवर पहिला ओंडका कापून दाखवतील.

लेक आली होती. तिनंच काकाला बोलावलं होतं, आणि तो शाळेतून मधल्या वेळात निघून आला होता. तो पुढं आला नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

मिस्त्रीनं ओंडका निवडून ठेवला होता. सरळ, गाठ नसलेला, लोण्यासारखा. इतके मिस्त्री बघायला आलेले. फळी काचेसारखी निघाली पाहिजे. त्यानं कळ दाबली, पट्ट्यानं सूर धरला, ओंडका पुढं सरकू लागला. पलीकडून फळीचं टोक बाहेर आलं, जावयानं धरलं. सुंदर चाललं होतं. मिस्त्रीला बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं.

आणि फळी अर्ध्यावर असताना पट्टा बंद पडला.

एकदम शांतता. जावयाचा हात लाल बटणावर होता. सगळी वखार त्याच्याकडं बघत होती. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण हात त्यानं काढला नव्हता.

मिस्त्री पलीकडं गेला. खाली वाकला, फळी बघितली, पट्टा बघितला, चिरफळी आहे का बघितलं. काही नव्हतं. सगळं जिथल्या तिथं. फक्त फळीवर मधोमध आडवा व्रण उठला होता, आंधळ्याच्याही हाताला लागेल असा.

"काय दिसलं?" त्यानं विचारलं.

"काही नाही बाबा. फळी थरथरल्यासारखी वाटली."

"वाटली?"

"वाटली."

मागून कोणीतरी खुसखुसलं. मग दुसरं. पाहुणे मिस्त्री एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. पैलवानाला राहवलं नाही, सवयीनं तो ओरडला, "अरे, ससा कुठंय?" आणि हशा फुटला. मालकही हसला.

मिस्त्रीच्या कानशिलात रक्त धडधडायला लागलं. एवढ्या लोकांत, माझी फळी, माझा जावई! राग असा उसळला की डोळ्यांपुढं क्षणभर काही दिसेना. शब्द त्यानं गिळले, तेवढं त्याला जमलं. नाकपुड्यांवर ध्यान ठेवलं, त्याही आवरल्या. आणि एवढं सगळं आवरत असतानाच त्याचा उजवा हात वर निघाला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दोन बोटं आपोआप उभी झाली आणि गळ्याकडं निघाली. इतकी वर्षं याच जागी, याच हशात, तो हात तिकडंच गेलेला होता. बोटं हनुवटीच्या खाली पोहोचली तेव्हा मिस्त्रीला दारातला धाकटा दिसला.

धाकटा हसत नव्हता. तो मिस्त्रीच्या तोंडाकडं बघतच नव्हता. तो त्या दोन बोटांकडं बघत होता. त्याचा स्वतःचा हात छातीपर्यंत आला होता आणि तिथंच थांबला होता, त्या दिवशी थांबला होता तसाच.

मिस्त्रीला लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ससा जळून राख झाला होता, झाकण बसलं होतं, बटण बसलं होतं, आणि हा हात अजून तिथल्या तिथंच होता. त्याला वाटलं, हा हात आत्ता या पट्ट्याखाली घालावा. पण असल्या नाटकानं काय झालं असतं? आणखी एक भाषण. तो तसाच उभा राहिला, हात अर्ध्यावर. मग महत्प्रयासानं, जणू दुसऱ्याच कोणाचा हात वळवतोय अशा जोरानं, त्यानं ती बोटं गळ्यापासून दूर नेली, पाचही बोटं उघडली आणि तळवा वर केला.

थांब.

हशा कमी होत गेला. करवत तर बंदच होती, मग हा कोणाला थांबवतोय? पाहुण्यांना कळेना. पैलवानाला थोडं कळलं असावं, त्यानं मान खाली घातली. लेकीनं तोंडावर पदर घेतला. मिस्त्रीला तो हात खाली घ्यायला भीती वाटत होती, कारण खाली येताना तो कुठं जाईल याचा त्याला भरवसा नव्हता.

धाकटा चौकटीपासून हलला. तो जवळ येईल असं मिस्त्रीला वाटलं. आला नाही. शाळा सुटायची वेळ होत आली होती. जाताना त्यानं दारातूनच मूठ पुढं केली, तीन बोटांची. चालू दे. दादाला म्हणून केली की जावयाला म्हणून, ते मिस्त्रीला कळलं नाही, आणि विचारायला तो थांबलाही नाही.

मिस्त्रीनं हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. जावयाला तो म्हणाला, "परत वाटलं तर परत दाबा."

जावयानं आधी त्याच्या नाकपुड्यांकडं बघितलं, मग त्या धरून ठेवलेल्या हाताकडं, आणि लाल बटणावरचं आपलं बोट न काढताच मान हलवली.